विश्वस्त मंडळ निवडणूक : मराठी विकिपीडियाच्या संपादकांसाठी स्मरणपत्र

नमस्कार मंडळी,

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या विश्वस्त मंडळात जास्तीत जास्त १६ जागा असतात. त्यातल्या निम्म्या जागा जगभरातले संपादक आणि संलग्न गट (फाउंडेशनने मान्यता दिलेल्या स्थानिक संस्था व गट) यांच्या निवडीतून भरतात. हे काम बिनपगारी आहे, पण पैसा कुठे खर्च व्हावा, कोणत्या भाषांकडे लक्ष जावं हे तिथेच ठरतं. २०२१ साली निवडून आलेले चौघे युरोप-उत्तर अमेरिकेतले होते, तर २०२४ चे चौघेही युरोपातलेच. माणसं लायक आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोबाइलवर देवनागरीत लेख लिहिणाऱ्याची, छापील संदर्भ न सापडणाऱ्या लोककलेवर लिहिणाऱ्याची अडचण तिथे मांडणार कोण? २०१० ते २०१४ या काळात मुंबईच्या बिशाखा दत्ता मंडळावर होत्या, पण ती नेमणूक होती. आपल्या मतांवर कुणी जावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आधी आपली पात्रता तपासा. मागच्या निवडणुकांत एकूण किमान ३०० संपादनं आणि अलीकडच्या काही महिन्यांत २० संपादनं लागत होती. मत पसंतीक्रमाने द्यायचं असतं, आपल्या विधान परिषदेसारखं. त्यामुळे एकाच नावावर थांबू नका, पुढच्या पसंतीही भरा.

उमेदवारीचा विचार असेल, विशेषतः गटातल्या महिलांपैकी कुणाचा, तर प्रशासकांना जरूर कळवा. इंग्रजी निवेदन लिहायला आम्ही सोबत बसू.