दिफांग आजोबा, ईगाई आजी, तुमच्या आवाजाबद्दल

आदरणीय दिफांग आजोबा आणि ईगाई आजी,
सा. न. वि. वि.

आजोबा, तुम्ही २००२ मध्ये गेलात. हे पत्र उशिराच लिहितोय. एनिग्मा या जर्मन संगीत-प्रकल्पाचं ‘रिटर्न टू इनोसन्स’ हे गाणं १९९४ पासून लोक डोळे मिटून, प्रार्थना समजून ऐकत आलेत. त्यातला तुमचा आवाज मात्र तैवानच्या अमिस या आदिवासी लोकांच्या बैठकीतला: ज्येष्ठांनी पिता-पिता गायचं गाणं, आणि त्यातल्या बोलांना कोशातला अर्थ नाही. आमच्याकडे नोम-तोमचा अर्थ तरी कोण विचारतो?

लोकगायकाचा आवाज इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर कसा बसवायचा, हे आम्ही तुमच्यामुळे शिकलो. एनिग्माच्या गाण्याची लय मिनिटाला ८८ ठोक्यांच्या आसपास, घड्याळासारखी. तुमची लय श्वासाची. नवखा माणूस प्रत्येक सूर ओढून ठोक्यावर नेतो आणि गाणं तिथंच मरतं. आम्ही आता श्वास जिथं सुटतो तिथंच कापतो, ओळीचा पहिला सूर तेवढा समेवर ठेवतो, पुढचं गाणाऱ्यावर सोडतो. आवाज दहा टक्क्यांपेक्षा जास्त ताणला की खरखरतो. पट्टी दोन अर्ध्या सुरांहून जास्त सरकवली की गळाच बदलतो: वर नेली तर पोरकट, खाली आणली तर घोगरा.

आणि आजी, तुमचा आवाज. तो आजोबांच्या मागून येतो, स्वतःची वाट धरतो, मध्येच घासून जातो. ते घासणं ‘दुरुस्त’ करणारी सॉफ्टवेअरं आज फुकट मिळतात. वापरू नयेत.

रिव्हर्बचा, म्हणजे आवाजाला वरून दिलेल्या घुमाऱ्याचा, धडाही याच गाण्याचा. ड्रम जॉन बोनमचे, लेड झेपलिन या रॉक बँडच्या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाण्यातले: इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या घरात जिन्याच्या तळाशी वाजवलेले, माइक वर टांगलेले. म्हणजे ठेका स्वतःचा घुमारा घेऊनच येतो. जुन्या मुद्रणातल्या आवाजालाही त्याच्या खोलीची गूंज असते. वर आणखी रिव्हर्ब ओतला की चिखल. आवाजाचा १०० हर्ट्झखालचा भाग काढावा, ३०० ते ५०० हर्ट्झमध्ये सिंथ (सिंथेसायझरचा सूर) दोन-तीन डेसिबल उतरवावा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

एक सल मात्र आहे. १९८८ च्या युरोप दौऱ्यातलं तुमचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, आणि पुढं या गाण्यात वापरताना तुमचं नाव घातलं गेलं नाही. त्यासाठी १९९८ मध्ये तुम्हाला कोर्टात जावं लागलं. १९९९ मध्ये तडजोड झाली. आमच्याकडे जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात गाणारणीचं नाव आणि गाव टिपून ठेवलेलं असतं. ओवीचा तुकडा उचलायचा तर आधी परवानगी मागतो, आणि फाइलच्या नावात गाणारणीचं नाव पहिलं घालतो.

कळावे,
आपले नम्र,
घरच्या कॉम्प्युटरवर गाणी जुळवणारे