डेंगळ्याचं बी

पुणे,
२ फेब्रुवारी

प्रिय रम्या,

फोनवर मी हसलो त्याचा राग धरून बसला असशील, म्हणून हे पत्र. तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतंच. मी "आप्पांचं ऐक" म्हणून फोन ठेवला खरा, पण रात्री उशिरापर्यंत तेच डोक्यात.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. रांगड्या कांद्यात यंदा डेंगळे, म्हणजे अवेळी फुलाचा दांडा आलेले कांदे, बेसुमार झालेत. तो कांदा तर गेलाच, पोटात दांडा असलेल्या मालाला लासलगावात कोण हात लावतो? मग निदान त्यांच्या फुलांच्या गोंड्यांचं बी धरावं, पुढच्या वर्षी उळे, म्हणजे रोपांसाठीचं बी, विकत घ्यायला नकोत. आप्पा म्हणतात, डेंगळ्याचं बी धरायचं नाही, अवेळी फुलायची खोड बियात उतरते. तुझा सवाल असा, की खोड थंडीने लागली, त्यात बियाचा काय दोष? आणि त्याच दमात तू व्हॉट्सॲपवरचं वाचून दाखवलंस, की अनुभव डीएनएवर कोरले जातात आणि सात पिढ्या उतरतात. मी हसलो ते इथे. गेली चार वर्षं मी ज्याचा पगार खातोय, नेमकं तेच तू बांधावर उभं राहून विचारत होतास.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. मी झाडांना थंडी लावतो. झाड म्हणजे मोहरीच्या कुळातलं वीतभर तण, अरॅबिडॉप्सिस. आपल्या शेतात उगवलं असतं तर खुरप्याला लागलंही नसतं. युरोपातल्या गारठ्यात वाढणाऱ्या याच्या काही जाती हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय फुलतच नाहीत. आम्ही त्यांचे ट्रे चार-पाच अंशांच्या खोलीत पाच-सहा आठवडे ठेवतो, मग बाहेर उबेत काढतो. गंमत बघ, थंडीत फूल येत नाही. ते येतं उबेत आल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी. तोवर थंडी सोसलेली पेशी कितीदा तरी दुभंगून गेलेली असते. ज्या पेशींचं फूल होतं त्यांनी थंडी बघितलेलीच नसते, तरी त्यांना ती ठाऊक असते. ही आठवण ठेवली कुठे, एवढंच आमच्या लॅबचं कोडं.

डीएनएच्या अक्षरांत ती नाही. थंडीआधीचं पान आणि थंडीनंतरचं पान, दोन्हींतली अक्षरं वाचली तर काना-मात्रेचा फरक नाही. व्हॉट्सॲपवाल्यांचं 'कोरलं जातं' इथेच संपलं.

आता तुला सातबारा दाखवतो. तुझा गट, त्याचं क्षेत्र, त्याची माती, विहीर, सगळं जिथल्या तिथे आहे. पण इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा चढला, की त्या जमिनीचं तुला काही करता येत नाही. विकता येत नाही, दुसरं कर्ज काढता येत नाही. कर्ज फेडलंस, फेरफार झाला, बोजा उतरला, की जमीन पुन्हा मोकळी. जमिनीत ढेकूळभरही फरक पडलेला नसतो. पेशीत जनुकांचं असंच चालतं, आणि तो इतर हक्काचा रकाना म्हणजे हिस्टोन.

हिस्टोन ही प्रथिनं. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो, आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान केंद्रकात बसवायचा असतो. म्हणून तो आठ हिस्टोनांच्या गोळीभोवती पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळलेला असतो. एका गोळीवर १४७ अक्षरं, मग थोडा मोकळा दोरा, मग पुढची गोळी. या सगळ्या गुंतवळ्याला क्रोमॅटिन म्हणतात. गोळ्या दाटीने बसल्या तर जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत हात घालता येत नाही. सैल बसल्या तर येतो.

हे हिस्टोन किती जुने, ते ऐक. त्यातल्या एच४ नावाच्या प्रथिनाच्या माळेत १०२ मणी, म्हणजे अमिनो आम्लं, असतात. १९६९ साली वाटाण्याचा एच४ आणि गायीचा एच४ शेजारी ठेवून पाहिले, तर फरक निघाला फक्त दोन मण्यांचा. वाटाणा आणि गाय! म्हणजे ज्यात जरा बदल केला की जीव जगत नाही असलं काहीतरी ते आहे. तरी कितीतरी वर्षं शास्त्रज्ञ त्याला दोरा गुंडाळायचं रीळच समजत होते. १९६४ साली न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की हिस्टोनांवर चिकटणाऱ्या लहान रासायनिक गटांचा जनुकं चालू-बंद होण्याशी संबंध असावा. हे गट चिकटवणारा हात सापडत नव्हता. तो सापडला १९९६ साली, तेही टेट्राहायमीना नावाच्या एकपेशीय जिवात. डेव्हिड ॲलिसच्या चमूने त्यातून ॲसिटाइल नावाचा गट लावणारं विकर (एन्झाइम) वेगळं काढलं. ते निघालं यीस्टमधल्या अशा एका प्रथिनाचं भावंड, ज्याचं काम जनुकं चालू करणं आहे हे आधीच माहीत होतं. तीस-बत्तीस वर्षं लागली बघ, आणि आमचे साहेब तीन महिन्यांत पेपर मागतात.

गोळीतून प्रत्येक हिस्टोनची एक शेपटी बाहेर लोंबत असते. शेपटीत लायसीन नावाचे मणी असतात, त्यांच्यावर धन विद्युतभार. डीएनएवर ऋण. म्हणून शेपटी डीएनएला धरून राहते. लायसीनवर ॲसिटाइल चिकटला की तो भार जातो, पकड ढिली होते, जनुक उघडं पडतं. हे समजायला सोपं आहे. मिथाइल नावाचा दुसरा गट असतो, त्याचं तसं नाही. मिथाइलने भार बदलत नाही, पकडही थेट सुटत नाही. तो नुसता शेरा असतो, वाचणारा वाचतो आणि पुढची कारवाई करतो. शेरा कुठे मारलाय यावर सगळं. एच३ नावाच्या हिस्टोनच्या शेपटीत चौथ्या जागी तीन मिथाइल असतील तर ते बहुधा चालू जनुकाचं लक्षण, आणि त्याच शेपटीत सत्ताविसाव्या जागी तीन मिथाइल असतील तर जनुक गप्प. रसायन तेच, रकाना वेगळा. तलाठ्याच्या मुलाला हे मी समजावून सांगायला नको.

आता आमच्या झाडाचा बोजा. त्याच्यात एफएलसी नावाचं एक जनुक आहे, त्याचं काम फुलांना अडवून धरणं. हिवाळ्याआधी ते जोरात चालू असतं. थंडी पडली की व्हीआयएन३ नावाचं प्रथिन हळूहळू वाढायला लागतं. एका रात्रीच्या गारठ्याने भागत नाही, आठवडे लागतात, म्हणून नोव्हेंबरातल्या दोन गार दिवसांनी झाड फसत नाही. हे प्रथिन बोजा चढवणाऱ्या यंत्रणेला, पॉलिकोम्बला, एफएलसीच्या सुरुवातीच्या दोन-तीन गोळ्यांपाशी आणून बसवतं आणि सत्ताविसाव्या जागेवर शेरे पडायला लागतात. उबेत आल्यावर ते शेरे पूर्ण जनुकभर पसरतात. एफएलसी गप्प, फुलाचा रस्ता मोकळा.

माझं निम्मं आयुष्य हे शेरे मोजण्यात जातं. पानं द्रव नायट्रोजनमध्ये टाकून खलबत्त्यात कुटायची. ती काचेसारखी वाजतात, आणि थंड वाफ मनगटावर येते. त्याआधी फॉर्मल्डिहाइडने हिस्टोन आणि डीएनए जागच्या जागी डकवलेले असतात. मग ध्वनीलहरींनी दोऱ्याचे तुकडे करायचे. त्या यंत्राचा आवाज दाढेत जातो. मग फक्त सत्ताविसाव्या जागेचा शेरा ओळखणारी ॲंटिबॉडी टाकायची, रात्रभर फ्रिजमध्ये फिरवत ठेवायची आणि सकाळी चुंबकाने ओढून घ्यायची. तिच्याबरोबर जो डीएनए आला, त्या जागेवर बोजा. तीन दिवसांच्या खटाटोपात शेवटी नळीच्या तळाशी जे उरतं ते डोळ्यांना दिसतही नाही.

गेल्या वर्षी चौथ्या आठवड्यात आमच्या थंड खोलीचा कॉम्प्रेसर शनिवारी रात्री गेला. सोमवारी उघडली तर आत चोवीस अंश. व्हीआयएन३ उबेत झपाट्याने खाली येतं, म्हणजे बोजा चढवणारा कारकूनच रजेवर. मी ट्रे फेकून दिले नाहीत. खोली दुरुस्त झाल्यावर तसेच पुढे चालवले. नंतर त्यातली काही झाडं वेळेवर फुलली, काही उशिरा, काहींनी नुसती पानंच वाढवली. प्रबंधाच्या दृष्टीने तो ट्रे निकामी, पण मी त्याचा फोटो मोबाईलवर ठेवलाय.

याच्या आत जे चालतं ते मला सगळ्यात आवडतं. अर्धी थंडी मिळाली तर प्रत्येक पेशीत एफएलसी अर्धं बंद होत असेल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. इंग्लंडात नॉरविचला कॅरोलाइन डीन आणि मार्टिन हॉवर्ड यांच्या चमूंनी २०११ साली दाखवलं, की प्रत्येक पेशीत ते एक तर पूर्ण चालू असतं नाहीतर पूर्ण बंद. एफएलसी चालू असेल तिथे निळा रंग येईल अशी त्यांनी सोय केली होती. थोड्या थंडीनंतर झाडाच्या मुळांमध्ये निळ्या आणि कोऱ्या पेशी सरमिसळ दिसल्या. थंडीचे आठवडे वाढवले की कोऱ्या पेशींची संख्या वाढते. गावात सोसायटीचं कर्जवाटप होतं तसं: कुणाच्याच सातबाऱ्यावर अर्धा बोजा चढत नाही, यादीत नावं वाढत जातात.

पुढे २०१५ मध्ये त्याच गटांनी याच्यावर कडी केली. पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्यांनी दोन प्रतींना दोन रंग दिले. काही पेशींत एक प्रत चालू आणि शेजारची बंद निघाली, आणि पेशी दुभंगली तरी लेकींमध्ये तसंच राहिलं. एकाच रसात दोघी पोहताहेत, तरी एक गप्प आणि एक बोलतेय. म्हणजे आठवण रसात नाही, त्या त्या प्रतीच्या क्रोमॅटिनवरच आहे. एकाच मालकाचे दोन गट, बोजा एकावरच.

पेशी दुभंगताना शेरा टिकतो कसा, तर वाटणीसारखा. जुने हिस्टोन दोन्ही लेकींमध्ये विभागून जातात, उरलेल्या जागी नवे कोरे येऊन बसतात. पॉलिकोम्बचा एक भाग जुना शेरा ओळखून त्याला धरतो आणि दुसरा शेजारच्या कोऱ्यावर तसाच शेरा मारतो.

आणि आता तुझं बी. हा बोजा बियात जात नाही. बी धरताना, गर्भ तयार होत असताना, एफएलसीवरचे शेरे खरवडून काढले जातात. ते काढणारी विकरंही सापडली आहेत. नवं रोप कोऱ्या सातबाऱ्यानिशी उगवतं, त्याला स्वतःचा हिवाळा स्वतः सोसावा लागतो. हे न मानण्याची किंमत एका देशाने मोजली आहे. रशियात लायसेन्को नावाचा शेतीतज्ज्ञ हिवाळी गव्हाचं बी भिजवून थंडीत ठेवायचा आणि वसंतात पेरायचा. थंडीचा फुलावर परिणाम होतो हे खरंच होतं, जर्मनीत गासनर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१८ सालीच ते दाखवलं होतं. पण लायसेन्को म्हणत राहिला, की ही लागलेली सवय पुढच्या पिढीत उतरते. त्याला विरोध करणारा वाव्हिलोव्ह, ज्याने जगभर हिंडून पिकांचं बियाणं जमवलं, १९४० मध्ये पकडला गेला आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मेला. १९४८ मध्ये तिकडे जनुकशास्त्रावरच बंदी आली. तुझा तो सात पिढ्यांचा मजकूर वाचला की मला लायसेन्को आठवतो.

तू म्हणशील, ही सगळी तणाची कथा, कांद्याचं काय? कोबी, मोहरी हे त्या तणाचे चुलतभाऊ, त्यांच्याकडे एफएलसी आहे. कांदा दुसऱ्या कुळातला. त्याच्याकडे थंडीनंतर फुलाला चालना देणारं जनुक वेगळं आहे, त्यामुळे माझा पहारेकरी एफएलसी जसाच्या तसा कांद्यावर बसवू नकोस. पण बियाच्या प्रश्नाला त्याने अडत नाही. कांद्याचं कुठलंही बी घे. ते थंडी सोसून फुललेल्या कांद्याचंच असतं, कारण थंडीशिवाय गोंडा नाही. थंडीची आठवण बियात उतरत असती, तर तुझं प्रत्येक रोप, प्रत्येक वर्षी, डेंगळ्यालाच गेलं असतं. दर साली तू स्वतःच याच्या उलट पुरावा काढतोस आणि मार्केटला विकून येतोस.

म्हणजे तू बरोबर? थांब. त्याच वाफ्यातलं, त्याच दिवशी लावलेलं, तीच निफाडची थंडी खाल्लेलं शेजारचं रोप डेंगळ्याला गेलं नाही. का? काही वेळा रोप जून होतं म्हणून. कांद्याचं लहान रोप थंडीला दाद देत नाही, आकाराने वाढलेलं देतं, त्यामुळे उळे लवकर टाकले आणि लागण लांबली की डेंगळे वाढतात. हे तू यंदा केलंस, फोनवर तूच सांगितलंस. पण काही रोपांच्या अक्षरांतच थोड्या थंडीत फुलायचा कल असतो, आणि तो कल बियात उतरतो. डेंगळ्यांचं बी गोळा केलंस म्हणजे तू वेचून वेचून उतावळ्या रोपांचीच वरात जमवलीस. थंडी बियात गेली नाही, पण थंडीने तुझ्याकडून चुकीची निवड करून घेतली.

तेव्हा आप्पांचा नियम पाळ. बी धरायचं तर या वावरातले न फुललेले, बारीक मानेचे, एकसारखे कांदे निवड, चाळीत टिकतील ते टिकव आणि ऑक्टोबरात लाव. येत्या थंडीत त्यांचे गोंडे येतील, ते धर. आणि उळे पंधरा दिवस उशिरा टाक.

शनिवारी येतोय. वहिनींना सांग, पातीची भाजी हवी. आप्पांना सांग, त्यांचंच खरं निघालं, फक्त मी कारण सांगत असताना त्यांनी मध्ये बोलायचं नाही.

तुझा,
सुध्या