‘स्कोप आहे का?’ याचं नेमकं उत्तर दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन बीए करणाऱ्या मुलांनी ‘पुढे काय?’ विचारलं की बहुतेक दोनच उत्तरं मिळतात: परराष्ट्र सेवा, नाहीतर संयुक्त राष्ट्रं. आमच्या मुलांशी बोलताना तुम्ही या दोन्हींचा हिशेब त्यांच्यापुढे उलगडलात आणि तिसरी वाटही दाखवलीत: निर्यातीच्या कागदपत्रांचं काम. त्याबद्दल विभागातर्फे मनापासून आभार.

परराष्ट्र सेवेची परीक्षा वेगळी नसते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच जावं लागतं आणि पदवी कुठलीही चालते. एकूण गुण २०२५. त्यात आपला विषय म्हणजे सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरचा एक भाग, आणि राज्यशास्त्र वैकल्पिक घेतलं तर २५० गुणांच्या आणखी एका पेपरातला वाटा. खुल्या गटाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न. किती प्रयत्न करायचे ते घरी आधीच ठरवा, हे तुमचं सांगणं पालकांनीही ऐकायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्क-जिनिव्हातलं भाडं आपल्यालाच भरावं लागतं.

तुमचा खरा भर निर्यातीच्या कागदांवर होता, आणि आमच्या मते तो अगदी योग्य होता. वर्गात वाचलेला व्यापार करार निर्यातदाराच्या फाइलमध्ये उत्पत्ती प्रमाणपत्र (माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला) होऊन येतो. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातला करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याची शुल्क-सवलत हवी तर हे प्रमाणपत्र लागतं आणि मालाचा एचएस कोडही (मालाच्या वर्गीकरणाचा जगभर चालणारा क्रमांक) बरोबर लागतो. ताजी द्राक्षं ०८०६१०, बेदाणे ०८०६२०. एका आकड्याच्या चुकीने नाशिक-तासगावचा माल परदेशी बंदरात खोळंबू शकतो. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये (एलसी, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बँकेची हमी) तर बँक माल बघतच नाही, कागद बघते. इनव्हॉइसवरचं वर्णन एलसीशी जुळलं नाही, किंवा माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांत (एलसीत वेगळी मुदत नसेल तर) कागद बँकेत पोचले नाहीत, की डिस्क्रिपन्सी (कागदांतली त्रुटी) निघते आणि पैसे अडकतात. हे काम कस्टम ब्रोकर (सीमाशुल्काची कामं करून देणारे), फ्रेट फॉरवर्डर (मालवाहतुकीची व्यवस्था करणारे) आणि बँकांच्या ट्रेड फायनान्स (आयात-निर्यातीचे व्यवहार बघणाऱ्या) विभागात मिळतं. निर्बंधांच्या याद्या (ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे त्यांच्या) तपासण्याचं कामही बँकांतच असतं, आणि कोणत्या देशावर निर्बंध का लागले हे ज्याला कळतं तो तिथे लवकर रुळतो. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

भाषेबद्दल तुमचं म्हणणं कडक होतं, पण खरं होतं. जर्मन ए१ किंवा जपानी एन५ ही सगळ्यात खालची पातळी म्हणजे फक्त ओळख. भाषेच्या जोरावर काम हवं असेल तर बी२ किंवा एन२ ही वरची पातळी गाठावी लागते. म्हणून सुरुवात पहिल्याच वर्षी करायची, तिसऱ्या वर्षी नाही.

तुम्ही दिलेला नमुना कागदांचा संच (इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजावर माल चढल्याची पावती, उत्पत्ती प्रमाणपत्र) विभागाच्या कपाटात आहे. त्यात तुम्ही मुद्दाम पेरलेल्या चुका शोधायला तिसऱ्या वर्षाची मुलं तो आवर्जून मागून नेतात.

आपले स्नेहांकित,
राज्यशास्त्र विभागातील शिक्षक