घोटा दुखत असतानाही चालते ठेवणाऱ्या डॉक्टरबाईंस

आदरणीय डॉक्टरबाई,

सविनय नमस्कार.

चिपळूण येथील आपल्या दवाखान्यात माझ्या उजव्या घोट्यावर जे उपचार झाले, त्यांबद्दल मी आपले आभार तोंडी मानलेच होते. हे पत्र सर्वांसमक्ष लिहिण्याचे कारण असे, की आमच्या गुहागर परिसरात घोट्याच्या जुन्या दुखण्यामुळे हिंडणे-फिरणे सोडून दिलेली माणसे पुष्कळ आहेत आणि आपण मला जे समजावून सांगितलेत ते त्यांच्याही कामी येण्यासारखे आहे.

पावसाळ्यात पाखाडीच्या शेवाळलेल्या चिऱ्यांवर पाय आतल्या बाजूला मुरगळणे आमच्याकडे नवलाचे नाही. माझा घोटा असाच पुनःपुन्हा मुरगळत गेला आणि शेवटी सपाट अंगणातही तो अवचित कलंडू लागला. आपल्याकडे येण्यापूर्वी एके ठिकाणी मला चढउतार कायमचा बंद करण्याचा सल्ला मिळाला होता. आपण मात्र पहिल्याच भेटीत विचारलेत, ‘तुम्हाला पुढे काय काय करायचे आहे?’ आगरातील म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतील काम, संध्याकाळी समुद्रकाठच्या पुळणीवर चालणे आणि शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीला खांदा देणे, असे मी सांगितले. आपण ते कागदावर उतरवून घेतलेत आणि सगळे उपचार त्यांच्याभोवती आखलेत. दुखण्याआधी माणसाचे जगणे विचारणारा वैद्य भेटणे हे मी माझे भाग्य समजतो.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे ज्यांना आपण सगळे लिगामेंट म्हणतो ते, हाडांना जोडून ठेवतात एवढेच मला ठाऊक होते. पाऊल कोणत्या कोनात टेकले आहे याची वार्ता मेंदूकडे पोचवणारे मज्जातंतूही त्यांत असतात, घोटा वारंवार मुरगळला की ही वार्ता मंदावते, स्नायू सावरायला उशीर करतात आणि पाय पुन्हा मुरगळतो, हे आपण हाडांचा सांगाडा हाती घेऊन दाखवलेत. दुखणे सूज उतरल्यावरही का रेंगाळते, हा इतकी वर्षे अनुत्तरित राहिलेला प्रश्न त्या दिवशी सुटला. त्यामुळे नुसत्या विश्रांतीने भागणार नाही, हेही मला पटले. मग भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, ते जमल्यावर डोळे मिटून, आणि तेही जमल्यावर गोधडीच्या घडीवर उभे राहणे. रबरी पट्टा लावून पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणे. पडवीच्या पायरीवर टाचा उचलून सावकाश खाली आणणे, अशी चढती रचना आपण घालून दिलीत. पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू हेच पायाला आत वळण्यापासून रोखतात, म्हणून त्यांच्यावर आपला विशेष भर होता.

परंतु व्यायामांहूनही मला मोलाची वाटली ती आपण दिलेली दुखण्याची मोजपट्टी. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरून तीनपर्यंतचे दुखणे काम करताना चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाऊल टेकताना घोटा नेहमीसारखाच असला पाहिजे. तो अधिक आखडलेला किंवा सुजलेला असला तर काम पूर्ण थांबवायचे नाही, त्या दिवसापुरते कमी करायचे. जुनाट दुखण्याच्या माणसाला सर्वांत जास्त छळते ती भीती, की आपण प्रत्येक पावलागणिक काहीतरी आणखी बिघडवत आहोत. या मोजपट्टीने ती भीती गेली. दुखते आहे याचा अर्थ इजा होते आहे असा दर वेळी नसतो, हे आपले शब्द मी आता इतरांनाही सांगतो.

पुळणीवर चालण्याबाबत आपण जो बारकावा सांगितलात, तो समुद्रकाठी जन्म काढलेल्या आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आला नव्हता. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे त्याला समांतर चालताना समुद्राकडचे पाऊल बाहेरच्या कडेवर कलते आणि घोटा नेमका मुरगळण्याच्याच दिशेने ताणला जातो. माझा घोटा उजवा. म्हणून समुद्र डाव्या हाताला ठेवून, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे चालायचे आणि परत येताना गावातील रस्ता धरायचा. शक्यतो ओहोटीची वेळ साधायची, कारण तेव्हा उघडी पडलेली ओली वाळू घट्ट आणि बरीच सपाट असते. वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो, ती पुढच्या टप्प्यासाठी ठेवायची. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून रुग्णाचे चालणे ठरवून देणाऱ्या आपणच, बाई.

पालखीबद्दल बोलताना मला थोडा संकोच होता. एखाद्याने ‘आता हे सोडा’ म्हटले असते. आपण आधी रिकाम्या खांद्याने ढोलाच्या ठेक्यावरची पावले टाकून दाखवायला सांगितलीत, नंतर खांद्यावर थोडे तांदूळ घेऊन, आणि महिन्यागणिक ते वजन वाढवत नेलेत. प्रत्यक्ष शिमग्यात घोट्याला दोऱ्या आवळून बांधायचा पट्टा लावावा आणि गर्दीत वळणे घेताना खांदेकऱ्यांनी आपसांत वेळीच पाळी बदलावी, हेही सुचवलेत. यंदा देवीची पालखी आमच्या अंगणात नाचली तेव्हा तिच्याखाली माझाही खांदा होता. त्या वेळी मनात जे दाटून आले, त्यासाठी मी आपला ऋणी आहे.

आमच्या घरातील जुन्या उपायांचा आपण कधी उपहास केला नाहीत, हेही मला नोंदवायचे आहे. आंबेहळदीचा लेप लावायला आपली हरकत नव्हती. ताज्या मुरगळीवर, सूज असताना, जोराने चोळू मात्र नये, एवढेच आपण आईला प्रेमाने समजावलेत. आणि एक्स-रे केव्हा काढावा याचा जो साधा नियम आपण दिलात, तो मी येथे मुद्दाम लिहितो. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेल्या नियमांनुसार, घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या, कोणत्याही एका बाजूच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर हाड दाबल्यास दुखत असेल, अथवा माणसाला चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले नाही ना याची खात्री करण्यासाठी एक्स-रे काढावा. वाडीत कुणाचा पाय मुरगळला की आता आम्ही प्रथम हेच पाहतो.

एक विनंती करतो. आमच्या वाडीतील अनेक वृद्ध आयाबायांना एस.टी.ने चिपळूणपर्यंत येणे झेपत नाही. मृग लागण्यापूर्वी, पाखाड्या निसरड्या होण्याच्या आत, आपण एखादा रविवार आमच्यासाठी काढलात तर देवळाच्या सभामंडपात सर्वांना जमवण्याची, आपल्याला नेण्या-आणण्याची आणि दुपारच्या जेवणाची व्यवस्था आम्ही करू. आपण मोठ्या अक्षरांत लिहून दिलेल्या व्यायामाच्या कागदाच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. सोयीची तारीख तेवढी कळवावी.

आपला कृतज्ञ,
गुहागर येथील एक बागायतदार