वाळा घट्ट झाला तर वाट पाहू नका
सिकलसेलग्रस्त बालकांसाठी मदत निधी व रक्तदान : गावकऱ्यांना आणि बाहेरगावी असलेल्या आपल्या मंडळींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्याच गावातल्या एका आईने आठ महिन्यांच्या बाळाला अंघोळीला घेतले, तेव्हा पायातला वाळा जागचा हलेना. आदल्या दिवशी तोच वाळा पायात सहज फिरत होता. मनगटावरचा काळा दोरा कातडीत रुतला होता. दोन्ही तळहात, दोन्ही पावले फुगलेली आणि बोटे टम्म. तेलाचा हात पुढे केला की लेकरू किंचाळायचे. "हात लावू देत नाही जी," तिने सासूला सांगितले. सासू म्हणाली, दात येत असतील. शेजारणीने लचक ठरवली आणि चोळून द्यायला बाई बोलावली. संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढून झाली.

पाच-सहा दिवसांत सूज आपोआप उतरली. घर विसरले, आई विसरली नाही. दीड महिन्याने पुन्हा तेच झाले, आणि यावेळी डोळ्यांत पिवळेपणाही होता. एका दवाखान्यात इन्फेक्शन म्हणून औषध मिळाले. तिसऱ्या खेपेला ती स्वतःच आशाताईंच्या दारात जाऊन बसली. आशाताईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्हा दोघांचं रक्त तपासलं का?" दोघांचेही तपासलेले नव्हते. तपासले तेव्हा दोघेही वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) निघाले आणि बाळाच्या अहवालावर 'एसएस' आले. म्हणजे सिकलसेल, लाल रक्तपेशींचा आजार.

हे सारे कुटुंबाच्या परवानगीने लिहिले आहे. कोण ते ओळखले असेल तर मनात ठेवा. पारावर त्याची चर्चा नको.

गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द नवा नाही, पण तान्ह्या बाळात तो कसा दिसतो हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? मंडळाच्या बैठकीत हात वर करायला सांगितले, तर तीनच हात वर आले. त्यातले दोन आशाताई आणि अंगणवाडीताईंचे.

जन्मतः बाळ ठणठणीत असते, कारण आईच्या पोटात असतानाचे हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याला सांभाळते. सहा महिन्यांच्या आसपास ते ओसरू लागते, तशा लाल पेशी विळ्यासारख्या वाकू लागतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातापायांच्या लहान हाडांना रक्त पुरेनासे होते, म्हणून सूज आणि म्हणून ते किंचाळणे. अशा वेळी चोळणे म्हणजे ठणकत्या हाडावर दाब देणे, हे आमच्या मालीश करणाऱ्या बायांनीही आता ऐकून ठेवावे. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी १० ते २० दिवसांतच फुटते. बाळ फिके पडते, डोळे पिवळे होतात ते त्यामुळे. मात्र हा फिकेपणा लोह कमी पडल्याचा नव्हे. तेव्हा घरात आहेत म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा.

दोन गोष्टी मात्र सकाळपर्यंत थांबत नाहीत. एक ताप. या मुलांची पानथरी (प्लीहा) लवकर निकामी होते आणि साधा वाटणारा ताप काही तासांत रक्तात भिनू शकतो. थर्मामीटरमध्ये १०१ फॅरनहाइट दिसले की तडक दवाखाना, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. दुसरी, डाव्या बरगडीखाली पोट अचानक कडक होऊन फुगणे आणि बाळ पांढरेफटक, मलूल पडणे. अंगातले रक्त पानथरीत साठत असते, तिथे एकेक तास मोलाचा असतो. डाव्या बाजूला बोटांनी कसे चाचपायचे ते नर्सताई आयांना शिकवतात. बापांनीही शिकून घ्यावे, लाज कसली?

आता त्याहून अवघड विषय. अहवाल आला आणि त्या आईला माहेरचे रक्त खराब असल्याचे ऐकावे लागले. हे धादांत खोटे आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन दोष एकत्र आल्याशिवाय बाळाला हा आजार होतच नाही. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक ही शक्यता नव्याने असते. पहिले लेकरू आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. फक्त वाहक असलेला माणूस साधारण निरोगीच असतो, शेती करतो, पोलिस भरतीत धावतो. उलट वाहकाला मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो, म्हणूनच आपल्यासारख्या तापाच्या मुलखात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. हा आजार आदिवासींचाच, असे म्हणणाऱ्यांना सांगावेसे वाटते की विदर्भात बौद्ध, तेली, कुणबी घरांतही तो आहे. नुसत्या वाहक असण्यावरून सोयरीक मोडल्याचे आम्ही पाहिले आहे. मोडायचे कारण नाही. दोघांनीही लग्नाआधी तपासून घ्यायचे कारण आहे.

सरकारी सोयी बऱ्याच आहेत. २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात हा आजार असलेल्या आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरली आहे. आरोग्य केंद्रात बोटातल्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती फक्त दोष आहे की नाही एवढे सांगते, वाहक की आजारी हे पुढच्या, प्रयोगशाळेतल्या एचपीएलसी तपासणीत कळते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही बोटाची चाचणी फसवू शकते, म्हणून तिच्यावर निर्धास्त राहू नये. औषधेही आहेत : पेनिसिलिन रोज दोनदा, साधारण पाच वर्षांचे होईपर्यंत, फॉलिक ॲसिड, आणि दुखण्याचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया. या औषधांनी आजार मुळातून जात नाही, पण औषध न चुकवणारी मुले शाळेत जातात, मोठी होतात. सिकलसेल रुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत मोफत प्रवास आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे. कागद अडला तर मंडळाची पोरे अर्ज भरून देतील.

मग निधी कशाला? सोय आणि घर यांच्या मधे नाला आहे म्हणून. १०८ ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते. जुलै-ऑगस्टात नाला चढला की तिथवर बाळ न्यायला ट्रॅक्टर लागतो आणि रात्री डिझेलला खिशात पैसे नसतात. दवाखान्यात आठ दिवस काढायचे तर बापाची मजुरी बुडते. न्यूमोकोकलची (न्यूमोनियासारख्या संसर्गावरची) लस बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात मोफत आहे, पण दोन वर्षांनंतर याच आजारासाठी डॉक्टर जी पुढची लस लिहून देतात, ती बहुतेकदा विकत आणावी लागते. आणि ज्या घरात ताप बघायचा तिथे थर्मामीटरच नाही. आम्ही घरोघर फिरलो, दोन वर्षांखालचे मूल असलेल्या निम्म्याहून अधिक घरांत तो सापडला नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाताना बाळ पाठीशी बांधून नेणाऱ्या आयांना झाकणाच्या पाण्याच्या बाटल्याही द्यायच्या आहेत. तहान आणि ऊन, दोन्ही या मुलांना दुखण्याचा झटका आणतात.

पहिल्या वर्षासाठी ६०,००० रुपये जमवायचे ठरले आहे. वीस रुपये दिले तरी पावती मिळेल. धान कापणीनंतर एक पायली धान दिले तरी चालेल, ते विकून रक्कम वहीत चढवू. नागपूर-पुण्याला नोकरीला असलेल्यांनी यंदा गणपतीच्या वर्गणीबरोबर याचेही पैसे पाठवावेत. डीजे यंदा नाही, हा ठराव झालेला आहे. त्यावरून रुसलेल्यांनी रुसून घ्यावे.

पैसे नसतील तर रक्त द्या. सरकारी रक्तपेढीत या मुलांना रक्त मोफत मिळते, पण पेढीत पिशवी असली तर. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी जिल्हा परिषद शाळेत सकाळी आठपासून शिबिर आहे. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान साडेबारा, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन, स्त्रियांचे चार महिने झालेले असावेत. उपाशीपोटी येऊ नका, पोहे शाळेत मिळतील. त्याच दिवशी वर्गखोली क्रमांक दोनमध्ये लग्नाच्या वयाच्या मुलामुलींसाठी सिकलसेल तपासणी आहे. निकाल बंद पाकिटात ज्याच्या त्याच्या हातात मिळेल, फलकावर लागणार नाही.

देणगी ग्रामपंचायतीशेजारच्या मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी सहा ते आठ स्वीकारली जाईल. हिशेबाची वही तिथेच खिळ्याला टांगलेली असेल, कोणीही उघडून पाहावी.

आणि बाळाच्या पायातला वाळा फिरेनासा झाला, तर वेळ न पाहता आशाताईंचे किंवा आमच्यापैकी कोणाचेही दार वाजवा.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य