डबा हमरस्त्यावर नको, गावात हवा

महोदय,

ऑस्ट्रेलियातील ओस पडत चाललेल्या शेतीगावांवरील आपल्या पुरवणीतील लेखात जिओकॅशिंगला रिकामटेकड्यांचा खेळ म्हणून निकालात काढले आहे. ते पटले नाही. जीपीएसच्या आधारे कुणीतरी दडवलेला डबा शोधायचा आणि आतल्या वहीत नाव लिहायचे, हा खेळ २००० सालापासून जगभर चालू आहे. व्हिक्टोरियातील विमेरा-मॅली या गव्हाच्या पट्ट्यात शेते मोठी होत गेली, यंत्रे आली, माणसे घटली. तेथे चार गाड्या थांबल्या तरी ती लहान गोष्ट नाही.

खरा प्रश्न डबा कुठे ठेवायचा, हा आहे. नियमाप्रमाणे दोन डब्यांत १६१ मीटर अंतर पुरते. त्यामुळे हौशी मंडळी रस्त्याकडेला डब्यांची रांगच लावतात. शोधणारे उतरतात, सही ठोकतात, पुढे सटकतात. गावाच्या वाट्याला येते ती धूळ! त्याऐवजी युद्धस्मारकावरची साले आणि नावे मोजून पुढचे अक्षांश-रेखांश काढायला लावणारे कोडे रचले, तर पाहुण्याला गावात पायी फिरावेच लागते. मग भूक लागते, बेकरी दिसते. (खरेदीची सक्ती खेळाच्या नियमांत बसत नाही, हे बरेच आहे.)

गेलेली कुटुंबे याने परतणार नाहीत, हे मान्य. पण स्थानिक परिषदांनी नवे स्वागतफलक उभारण्याआधी गावातल्याच एखाद्या निवृत्त शेतकऱ्याला असे कोडे रचायला सांगावे. डब्याची देखभालही त्यालाच सोपी पडेल.

– एक वाचक, मेलबर्न