काळ्या पडद्यासमोर मी काय करते

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "जीवशास्त्र शिकायला गेलीस ना? मग दिवसभर कॉम्प्युटरपुढे काय बसतेस? ती कामं करणारी वेगळी माणसं असतात." मी तेव्हा हसून विषय बदलला, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे.

पेशींमधून आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जनुकांच्या नकला, काढून द्यायचं माझं काम दोन-तीन दिवसांत संपतं. पुढे सिक्वेन्सिंगचं मशीन त्याचे कोट्यवधी छोटे तुकडे वाचतं आणि वाचलेलं फाइलमध्ये टाकतं. एका तुकड्याच्या चार ओळी: पहिलीत नाव, दुसरीत ए, सी, जी, टी अशी अक्षरं, तिसरीत नुसतं अधिकचं चिन्ह, आणि चौथीत प्रत्येक अक्षराबद्दल मशीनला किती खात्री आहे त्याचे गुण. ३० गुण म्हणजे हजारात एक चूक, २० म्हणजे शंभरात एक. हे गुण आकड्यांत नसतात, एकेका गुणासाठी एकेक चिन्ह ठरलेलं असतं. अशा फाइलवर डबल क्लिक केलं की लॅपटॉप मान टाकतो. म्हणून तो काळा पडदा, आणि त्यावर एकेक कमांड, म्हणजे टाइप करून दिलेला हुकूम.

पहिल्याच महिन्यात मी तीन दिवस खपून प्रथिनांच्या क्रमांची, म्हणजे कुठल्या प्रथिनात कुठली अमिनो आम्लं ओळीने येतात त्याची, एक फाइल जमवली होती. त्यात प्रत्येक क्रमाच्या नावाआधी गणितातलं 'पेक्षा मोठे'चं चिन्ह असतं. म्हटलं, ती चिन्हं मोजली की एकूण क्रम कळतील. 'ग्रेप' नावाची कमांड आहे, ती ओळी शोधून मोजते. मी चिन्ह लिहिलं, पण त्याला अवतरण द्यायला विसरले. अवतरण नसेल तर त्याच चिन्हाचा अर्थ होतो, 'उत्तर या पुढच्या फाइलमध्ये लिही'. आणि लिहिण्याआधी ती फाइल कोरी केली जाते. फाइल शून्य बाइट. "नक्की ना?" असं कुणी विचारलं नाही, आणि इथे कचऱ्याची टोपलीही नसते, की हात घालून परत काढावं. मी बराच वेळ नुसती त्या शून्याकडे बघत होते.

शेजारी बसणारी सीनियर हसली नाही, हे तिचे उपकार. तिने दोन गोष्टी करून घेतल्या. मूळ फाइल आली की आधी तिची लिहिण्याची परवानगी काढून टाकायची, म्हणजे ती फक्त वाचता येते. आणि कमांड नुसती मारायची नाही, स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पुन्हा चालवता येईल अशा कमांडच्या यादीत, लिहून ठेवायची. तीच फाइल मी पुन्हा बनवली, या वेळी स्क्रिप्टने. आता उडाली तर चहा होईपर्यंत परत तयार.

दुसरी चूक जास्त छुपी होती. मशीनच्या फाइलमधले तुकडे मोजायचे होते. तिथे नावाची ओळ ईमेलच्या पत्त्यात येतं त्या 'ॲट'च्या चिन्हाने सुरू होते, म्हणून तशा ओळी मोजल्या. आकडा मशीनच्या अहवालापेक्षा जास्त आला. दुपारभर मी मशीनवर संशय घेत होते. मग कळलं, गुणांच्या ओळीत तेच चिन्ह ३१ गुणांसाठी वापरतात, आणि गुणांची ओळही त्याने सुरू होऊ शकते. एकूण ओळी मोजून चारने भागायचं, एवढंच होतं. कमांडने मला फसवलं नव्हतं. मी जे विचारलं तेच तिने मोजलं होतं, मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं.

धाकटीला मात्र सांगा, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नकोस. 'सेप्ट२' नावाचं जनुक एक्सेल २ सप्टेंबर करून टाकतं. २०१६ मध्ये तपासलं तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकाचंच नाव बदलून 'सेप्टिन२' केलं. मला अजून हसू येतं.

आता बाबांचं उत्तर. गेल्या आठवड्यात माझ्या बारा नमुन्यांचे आकडे, म्हणजे कुठल्या जनुकाचे किती तुकडे सापडले ते, तयार झाले. आलेखात सगळं छान दिसत होतं, एकही एरर नाही. सहज म्हणून मी एक्सआयएसटी हे जनुक पाहिलं. स्त्रीच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, त्यातलं एक बंद ठेवायचं काम हे जनुक करतं. पुरुषाच्या पेशीत ते जवळजवळ गप्प असतं. आणि 'पुरुष' लिहिलेल्या एका नमुन्यात ते भरभरून बोलत होतं, वाय गुणसूत्रावरची जनुकं शून्य. 'स्त्री' लिहिलेल्या दुसऱ्यात बरोबर उलटं. नळ्यांची अदलाबदल झाली होती, आणि चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझंच. कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्या दोन रकान्यांत काहीच बिघडलं नव्हतं. बाबा, तुम्ही म्हणता ती वेगळी माणसं माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत, पण ते जनुक बघायचं त्यांच्या मनात आलं असतं का, कोण जाणे.

मला वाटलं होतं की दोन नावं उलटी केली की झालं. गाइड म्हणाल्या, अंदाजाने चिठ्ठी बदलायची नाही, नमुने पुन्हा तपास. तेव्हा उद्या सकाळी सातला फ्रीझरमधून त्या दोघांचे उरलेले आरएनए काढायचे आहेत. आता झोपते.

तुमची,
थोरली